जशी मिळाली, तशी पोहोचवली

"तार जशी मिळाली, तशी पोहोचवण्यात आली." हे वाक्य मी जालन्याच्या तारघरात बसून, कार्यालयाच्या छापील कागदावर लिहिलं. पत्र इंग्रजीत होतं, खाली सही आमच्या बड्या मास्तरांची होती, पण वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. त्या तारेतली तारीख माझ्यापर्यंत दोन तऱ्हांनी आली होती. एक मी ठेवली, दुसरी केराच्या टोपलीत टाकली. ठेवलेली चुकीची निघाली आणि त्यात एका मुलीची नोकरी हुकली.

संपादकांनी मला तारेच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती होत्या, त्या सांगतोही. पण हे वाक्य मागे ठेवून गमती सांगणं मला जमेना. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. म्हणून ते आधी सांगून टाकलं.

ही गोष्ट सत्तर ते ऐंशीच्या मधली. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. पण व्यापार मोठा, त्यामुळे तारांची वर्दळही मोठी. आमच्याकडे औरंगाबादच्या लाइनवर टेलिप्रिंटर होता. लहान गावांच्या लाइनींवर अजून कडकट्ट वाजणारं मोर्सचं जुनं यंत्र चालायचं. मी दोन्ही शिकलेला होतो, पण माझा हात टेलिप्रिंटरवर बसला होता.

ज्यांनी टेलिप्रिंटर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडच्या माणसानं टाइपरायटरसारखी कळ दाबली की इकडच्या यंत्रातून गोंद लावलेली कागदाची अरुंद पट्टी अक्षरं छापत बाहेर यायची. ती कात्रीनं तोडायची, ओल्या बोळ्यावरून फिरवायची आणि तारेच्या फॉर्मवर चिकटवायची. तारेवरून अक्षर जात नसतं, ठोके जातात. एका अक्षराला पाच ठोके. त्यातला प्रत्येक एकतर असतो किंवा नसतो. असे पाच ठोके मांडण्याच्या तऱ्हा बत्तीसच होतात. इंग्रजी अक्षरंच सव्वीस, मग आकडे कुठे बसवायचे? म्हणून अक्षरांचे ठोकेच आकड्यांना दिलेले. क्यूचे जे ठोके तेच एकचे. डब्ल्यूचे तेच दोनचे. आता आकडे येणार आहेत असं यंत्राला सांगणारी एक वेगळी खूण असते, ती आधी पाठवायची. अक्षरांकडे परतताना दुसरी खूण. एकाच कपाटाचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे समजा.

लाइन खराब असली की ही खूण मधेच हरवायची. मग यंत्राला कप्पा बदलल्याचं कळायचं नाही आणि आकड्यांच्या जागी अक्षरं छापून यायची. त्यावरचा उपाय खात्यानं फार पूर्वीच करून ठेवला होता. तारेत आकडा असला की पाठवणाऱ्यानं तार संपल्यावर तो पुन्हा एकदा पाठवायचा. घेणाऱ्यानं दोन्ही ताडून पाहायचे. जुळले नाहीत, तर तिकडे विचारायचं आणि पुन्हा मागवायचं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवायचे ते हे.

यंत्रात आणखी एक सोय होती, ती मला फार आवडायची. 'कोण आहेस?' अशी एक कळ असायची. ती दाबली की पलीकडचं यंत्र, तिथे माणूस असो वा नसो, आपणहून आपलं नाव छापून पाठवायचं. त्याच्या पोटात एक लहानसा रूळ होता. मेकॅनिक त्याचे दाते मोजून तोडायचा आणि त्या दात्यांत त्या केंद्राचं नाव पक्कं होऊन बसायचं. दुसरं नाव सांगणं यंत्राला शक्यच नव्हतं.

आम्हा माणसांनाही खुणा होत्या. प्रत्येक तारमास्तराला दोन अक्षरं दिलेली. तार घेतली की फॉर्मच्या कोपऱ्यात वेळ आणि आपली दोन अक्षरं टाकायची. माझी होती डीयू. दत्तात्रय उगले.

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळीच. लग्नाच्या, सणाच्या शुभेच्छांची वाक्यं खात्यानं ठरवून त्यांना नंबर दिले होते. गिऱ्हाइकानं नंबर निवडायचा, लाइनवरून नुसता नंबर जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य लिहून मिळायचं. एकदा एक काका फॉर्म घेऊन आले.

"मास्तर, भाच्याच्या लग्नाची तार हाय. लग्नाचा नंबर लावा. आन् त्याच्या खाली रुसल्याचा बी एक लावा."

"रुसल्याचा नंबर नसतो, काका."

"असा कसा नसतो? मला पत्रिका कालच्याला भेटली. लग्नाला जाऊ न्हाई शकत आन् गप बी बसू न्हाई शकत."

"यादीत नाही."

"मंग कसली यादी केली सरकारनं? लग्न म्हणलं की रुसणं आलंच ना? बिलकुल कामाला न येणारी यादी हाय तुमची."

शेवटी त्यांनी नुसता लग्नाचा नंबर लावला आणि पाठवणाऱ्याच्या जागी नाव न लिहिता 'मामा' एवढंच लिहिलं. म्हणाले, "एवढ्यात समजंल त्याला."

जालन्यातच मस्तगडला सरकीचे एक मोठे व्यापारी होते, त्यांना सगळे शेठच म्हणायचे. मोठ्या पेढ्या तारेसाठी एक शब्द नोंदवून घेत. पूर्ण नाव-पत्त्याऐवजी तो एक शब्द आणि गावाचं नाव लिहिलं की तार बरोबर त्या पेढीवर जायची. शेठचा तसा शब्द होता. त्यांच्याच एका भाऊबंदानं नवी पेढी काढली आणि शब्द मागितला तो शेठच्या शब्दापेक्षा एकाच अक्षरानं वेगळा. मी तो घ्यायला नकार दिला.

"एक अक्षर येगळं हाय ना, मास्तर? मंग कशाला अडवून राह्यले?" तो म्हणाला.

"एक अक्षर लाइनवर कधी बदलेल सांगता येत नाही. तुमचा माल त्यांच्या दारात उतरेल."

"तुमची लाइन एवढी कच्ची हाय?"

"लाइन कच्ची असते म्हणूनच आम्ही बसलोय इथं," मी म्हणालो. हे उत्तर मला इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते बड्या मास्तरांनाही ऐकवलं.

त्याच महिन्यात ती तार आली.

जूनची सात तारीख, गुरुवार. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरत होतं. दुपारपासून वळवाचा वारा सुटला होता आणि औरंगाबादची लाइन धड चालत नव्हती. लग्नसराईचे शेवटचे मुहूर्त, त्यामुळे शुभेच्छांच्या तारांचा ढीग पडला होता. माझी पाळी संपायला वीसेक मिनिटं उरली होती.

तार नांदेडहून औरंगाबादमार्गे आलेली. एका कन्याशाळेनं पाठवलेली. नाव सुलोचना खिल्लारे, मार्फत किसन खिल्लारे. पत्ता मस्तगडच्या मागची जिनिंगच्या मजुरांची वस्ती. मजकूर इंग्रजीत होता: शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला अमुक जून रोजी सकाळी मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावं. तारखेच्या जागी छापून आलं होतं क्यू यू. खूण हरवली, हे मी लगेच ओळखलं. क्यू म्हणजे एक, यू म्हणजे सात. सतरा. अक्षरांवरून आकडे वाचण्यात माझा हात कुणी धरत नसे. दुसरे तक्ता पाहायचे, मी पाहत नसे. याचा मला गर्व होता.

तार संपल्यावर पद्धतीप्रमाणे आकडा पुन्हा आला. तो सरळ आकड्यातच आला. अकरा.

एकचे आणि सातचे ठोके जवळजवळ सारखे. एकात शेवटचा ठोका आहे, सातात तो नाही, एवढाच फरक. तो ठोका लाइनवर गळाला तर एकाचा सात होतो. हे मला माहीत होतं. पण मी उलटा विचार केला: पुन्हा आलेल्या आकड्यात एक लागोपाठ दोनदा आलाय, म्हणजे लाइन अडखळली असणार आणि पहिला एक पुन्हा छापला गेला असणार. मजकुरातला सतरा खरा. असा विचार करायला मला चहाच्या घोटाएवढाही वेळ लागला नाही. औरंगाबादला विचारायला पाच मिनिटं लागली असती.

मी यंत्रावरच सतरा असं स्वच्छ छापून घेतलं, तो तुकडा क्यू यूच्या जागी चिकटवला, शेवटची अकराची पट्टी तोडून टोपलीत टाकली, कोपऱ्यात वेळ आणि डीयू लिहिलं आणि तार गफ्फारभाईंच्या हातात दिली. गफ्फारभाई आमचे तार वाटणारे. पन्नाशीचे, सायकलवर सगळं जालना पालथं घातलेले. त्यांनी अर्ध्या तासात तार पोहोचवून पावती आणून दिली. मी घरी गेलो आणि जेवलो. मला काहीही वाटलं नाही.

अकरा जूनला सोमवार होता. सतराला रविवार. यंत्राच्या वर, माझ्या डोळ्यांसमोर, भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं.

एकोणीस तारखेला ती दोघं काउंटरवर आली. किसनराव साठीकडे झुकलेले, डोक्याला पटका. मूळचे कुंभार पिंपळगावचे; दुष्काळात काम शोधत जालन्याला आले होते आणि जिनिंगमध्ये लागले होते. मुलगी डी.एड. झालेली, बावीस-तेवीसची, गावी राहून तिथल्या वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवायची; अर्जावर पत्ता मात्र बापाचा दिलेला. तिनं तार घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली.

"मास्तर, ही तुमच्याकडूनच आल्ती ना?" किसनरावांनी विचारलं.

"हो."

"हिच्यात तारीख किती हाय?"

"सतरा."

"बघा बाबा," ती म्हणाली. "मी वाचायला चुकले न्हाई." मग माझ्याकडे वळून: "पण तिथं मुलाखती अकरालाच झाल्या. मी सतराला गेले तर शाळेला कुलूप. शिपाई म्हणला, बाई, इतवारी कुणी मुलाखत घेतं का? दुसऱ्या दिवशी बड्या बाईंना भेटले. जागा भरून गेल्ती. त्यांनी आपली प्रत दाखवली. त्यांनी अकराच लिहिली होती."

अकरा म्हटल्याबरोबर मला टोपलीतली पट्टी दिसली. विसरलेली गोष्ट हळूहळू आठवते तसं नाही, एकदम दिसली.

"लाइनवर होतं असं कधीकधी," मी म्हणालो. "आमच्याकडं जशी आली तशी आम्ही देतो."

"तिथून अकरा निघाली आन् इथं सतरा उतरली," ती म्हणाली. "मधी कुणाच्या हातात होती?"

"लाइनवर."

"लाइनवर कोण बसतं?"

किसनराव तिला म्हणाले, "चल पोरी. साहेबाला कशाला खोदून राह्यली? मी तवाच म्हणलं होतं, इंग्रजी हाय, कुणाला तरी दाखवून घे."

"बाबा, मास्तर सतराच म्हणून राह्यले ना!"

"गावाला कोण सांगंल ते? गाव म्हणंल, शिकून आली आन् साधी तारीख वाचता न्हाई आली."

 तिनं तार घडी करून पिशवीत ठेवली आणि ती बापामागून गेली. त्या घडीचा कोपरा वर आला होता, त्यावरचं डीयू मला दिसत होतं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी टोपली उपडी केली. बारा दिवस झाले होते. पट्ट्या कधीच जाळल्या गेल्या होत्या. तरी मी कागद चाळत बसलो. गफ्फारभाई दारातून पाहत होते.

"क्या ढूंढ रहे, मास्टर साब?"

"काही नाही."

"तार की पट्टी?"

"काही नाही म्हटलं ना!"

ते आत आले आणि यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "इस मशीन को पूछो, तू कौन, तो अपना नाम बोलती. आदमी को पूछो तो लाइन का नाम बोलता." आणि सायकलीची हवा बघायला बाहेर गेले. त्या वस्तीत पुढची कित्येक वर्षं लोक त्यांनाच ऐकवायचे, 'आला बघा उशिराच्या तारंवाला.' तार त्यांनी अर्ध्या तासात दिली होती. त्यांनी कधी माझं नाव घेतलं नाही.

महिन्याभरात तिची लेखी तक्रार आली. बरोबर शाळेच्या बड्या बाईंचं पत्र. बड्या मास्तरांनी फाइल काढून आमची प्रत पाहिली. तिच्यावरही सतराच, ती प्रतही मीच केलेली.

"उगले, शेवटी आकडा पुन्हा आला होता का?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही, साहेब. लाइन फार खराब होती त्या दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते चांगले गृहस्थ होते आणि निवृत्तीला आले होते. "मग तसंच लिहा," म्हणाले. माझं इंग्रजी बरं, अक्षर बरं, म्हणून उत्तरं मीच लिहायचो. लाइनवरील बिघाडामुळे आकड्यात बदल झाल्याचं दिसतं. तार जशी मिळाली, तशी पोहोचवण्यात आली. सही झाली, शिक्का बसला, पत्र गेलं. फाइल बंद.

मी गप्प का राहिलो? नोकरी पक्की व्हायची होती. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं. ही कारणं खरी आहेत, पण ती गप्प राहण्याची कारणं झाली. मी त्या दिवशी विचारलं का नाही, याचं कारण वेगळं आहे आणि तेच सांगायला जड जातं. शेठच्या तारेत आकडा आला की मी तीनतीनदा मागवून घ्यायचो; चूक झाली तर शेठ काउंटरवर येऊन सगळ्यांसमोर ओरडतील हे ठाऊक होतं. खिल्लारे हे आडनाव आणि वस्तीचा तो पत्ता वाचून माझ्या मनानं परस्पर ठरवलं होतं, की ही माणसं ओरडणार नाहीत. आमचं घर शेतीवाल्या जुन्या घराण्यातलं, गावात मान असलेलं. असं ठरवण्याची सवय आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली, की ठरवलं हेही कळत नाही. मला ते कळायला सहा वर्षं लागली आणि तेही एका म्हातारीमुळे.

त्या आजींचा मुलगा सैन्यात होता. सैन्यातल्या माणसाच्या तारेवर नावाआधी त्याचा नंबर घालावा लागतो. त्या नावाची शंभर माणसं असतात, नंबर एकाचाच. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तो लांबलचक नंबर त्यांनी जात्यावरचं गाणं पाठ असावं तसा पाठ केला होता. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

"आता म्हणून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी म्हणून दाखवला.

"पुन्यांदा."

"आजी, बरोबर आहे."

"तुमचं बराबर असंल. पर एक आकडा हुकला तर दुसरीचा लेक वाचंल माझी तार. त्येला वाटंल, आपलीच माय बिमार हाय. पार हादरून जाईल लेकरू. म्हणा पुन्यांदा."

मी पुन्हा म्हणालो. शेवटच्या आकड्यांपाशी माझ्या ध्यानात आलं, शेठसाठी मी हे न सांगता केलं असतं, आणि मी थांबलो. आजींना वाटलं मला नंबर लागत नाही. त्यांनीच हळूहळू सांगून पुरा केला.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली. सुलोचनाबाई तीर्थपुरीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्याचं गफ्फारभाईंनीच मला सांगितलं. त्यांना कसं ठाऊक, मी विचारलं नाही. नोकरी लागून त्यांना दीड-दोन वर्षंच झाली होती. मधली चार वर्षं त्यांनी रोजगार हमीच्या कामावर हजेऱ्या लिहिण्यात आणि अर्ज करण्यात घालवली होती.

अंबडवरून एसटीनं तीर्थपुरीला उतरलो तेव्हा शाळा सुटत होती. त्या ओसरीवर पोरींच्या वह्या गोळा करत होत्या. मला पाहून त्यांनी क्षणभर आठवलं.

"तारवाले मास्तर ना?"

"हो."

"आता कुणाची तार?"

"तार नाही. तुमच्या त्या तारेबद्दल सांगायचं आहे."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. क्यू यू, अकराची पट्टी, टोपली, पत्रातलं वाक्य. एसटीत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो, तुटक तुटकच बोललो. त्या ऐकत होत्या आणि वह्यांचा गठ्ठा सारखा करत होत्या. तो सारखाच होता.

"म्हणजे तुम्हाला त्या दिवशी काउंटरवरच माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी विचारलं, लाइनवर कोण बसतं. तवा बी."

"हो. माझं चुकलं. मी माफी मागायला आलोय."

"मंग आता हलकं वाटून राह्यलं असंल तुम्हाला."

 त्यांनी एका पोरीला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं आणि गठ्ठा उचलला. "चला. घर इथंच आहे."

मला वाटलं, चहाला नेत आहेत. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, आतून एक पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून दोन कागद काढले. एक तार, घड्यांवर फाटत आलेली. दुसरं आमच्या कार्यालयाचं पत्र.

"बाबा पिंपळगावला असतात," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी कमी दिसतं आता. पण अजून कुणी नोकरीचं बोललं की म्हणतात, पोरगी इंग्रजीत चुकली नसती तर तवाच लागली असती. मी ही तार गावात दाखवून दाखवून थकले. पत्र इंग्रजी, पुरं कुणी वाचत न्हाई; लोक म्हणतात, सरकार म्हणतं जशी आली तशी दिली, मंग तूच चुकली."

"मी येतो पिंपळगावला. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही सांगून याल. मंग गाव म्हणंल, मास्तर भला माणूस हाय, पोरीसाठी खोटं बोलला. तोंडी नको, मास्तर. लिहून द्या."

मी खिशातून कागद काढू लागलो.

"कोऱ्या कागदावर नको. या पत्रावर लिहा. तुमच्या वाक्याच्या खाली."

कार्यालयाच्या शिक्क्याच्या कागदावर आपल्या हातानं असं लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. मी पेन काढलं आणि थांबलो. त्यांना ते दिसलं.

"मी हे कुठं नेऊन देणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पण देणार न्हाई असा शब्द बी देत न्हाई."

ते मला रास्त वाटलं.

त्यांनी तारेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे डीयू काय आहे? सहा वर्षं बघून राह्यले."

"मी. दत्तात्रय उगले."

"मंग खाली पूर्ण लिहा. आन् मराठीत लिहा, बाबांना वाचून दाखवायचं आहे."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं, परत माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "खरी तारीख कुठं आहे हिच्यात?" मी ती घातली. मग हाताच्या सवयीनं, तारेत आकडा आला की शेवटी जे पुन्हा पाठवायचं असतं आणि जे मी एकदा टोपलीत टाकलं होतं, ते सहीखाली लिहिलं. तो मजकूर असा:

'या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे. तारेत तारीख दोन तऱ्हांनी आली होती. विचारून घेणं माझं काम होतं, मी विचारलं नाही. खरी तारीख ११ जून होती. सुलोचना किसन खिल्लारे यांनी तार बरोबर वाचली. गफ्फारभाईंनी ती वेळेवर दिली. चूक माझी, आणि ती लपवलीही मीच. सुलोचनाबाईंची आणि किसनरावांची मी माफी मागतो. दत्तात्रय उगले, तारमास्तर, जालना.

११.'